कच्ची इस्त्री

“गुरुजी, माझं शिकणं संपलं असं कधी म्हणायचं?” थोरलीनं इस्त्री उभी ठेवत विचारलं.

लाँड्रीच्या मालकाला सगळ्यांनी गुरुजीच म्हणायचं, असा दंडक होता. मालक म्हटलं की पगाराचा विषय निघतो. गुरुजी म्हटलं की माणूस आपोआप वाकतो. शिकाऊ पोरीला अर्धा पगार, शिकून झाल्यावर पूर्ण, असा कायदा होता. गुरुजींची कायद्यावर अपार श्रद्धा होती, विशेषतः त्याच्या पहिल्या भागावर. त्यामुळे त्यांच्याकडे वर्षानुवर्षं कुणाचं शिक्षण पुरं होत नसे. थोरलीनं तर मागून आलेल्या सगळ्या पोरींना शिकवलं होतं, तेही शिकाऊ राहूनच.

विद्येला का कुठं अंत असतो, असं गुरुजींनी तिलाच विचारलं. पण थोरली हटली नाही. घरी आई आणि दोन भाऊ तिच्यावरच होते, आणि अर्ध्या पगारात पोटं काही अर्धी होत नाहीत. कामगार कचेरीत विचारून बघते, असं ती हळूच बोलली. तेव्हा गुरुजींनी हसत हसत शनिवारी परीक्षा जाहीर केली. एक पांढरा सदरा, सुरकुती एकही नको.

पहिली पाळी बुटकीची, दुसऱ्या एका शिकाऊ पोरीची, आली. तिनं सदरा असा केला की घालणाऱ्याला श्वास घ्यायची चोरी व्हावी. गुरुजींनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना वाजवायला लावल्या.

“पास झालीस, पोरी. आता तुला कुठंही काम मिळेल.”

“म्हणजे इथंच ना, गुरुजी?”

“इथं शिकवतात, बाळ. शिकलेल्यांचं इथं काय काम?”

बुटकी त्यांच्या पाया पडून निघाली. दारापाशी गेल्यावर तिला सगळं कळलं असावं, कारण तिथं ती जराशी थांबली.

मग थोरली. बाह्या झाल्या, पाठ झाली, कफ झाले. कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. कॉलर तेवढी राहिली होती आणि गुरुजी टाळीसाठी हात उचलून बसले होते. थोरलीनं कॉलरवर इस्त्री टेकवली आणि तशीच धरून ठेवली. धूर निघाला तरी धरून ठेवली.

“अरेरे,” गुरुजी म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं, कारण सदरा गिऱ्हाइकाचा होता. “अजून कच्चीच आहेस गं.”

“हो, गुरुजी.”

सदऱ्याची किंमत तिच्या पगारातून कापायची ठरली. कामगार कचेरीचं नाव पुन्हा निघालं नाही. नापास झालेली कोणत्या तोंडानं तक्रार करणार?

सोमवारी बुटकीच्या जागी नवी पोर आली. हाताची चलाख निघाली. दुपारपर्यंत तिनं अशी बाही काढली की थोरली बघतच राहिली. पोरीनं शाबासकीच्या आशेनं वर पाहिलं.

“घरी कोण कोण आहे तुझ्या?” थोरलीनं विचारलं.

“आजी आहे, ताई. आणि बहीण.”

थोरलीनं गुरुजींकडे पाठ केली, दोन बोटं पाण्यात बुडवली आणि बाहीच्या मधोमध एक बारीक सुरकुती पाडून दिली.