गोणीत गेलेली कादंबरी

बोरीच्या अंगणवाडीताई बबिता खिल्लारे यांनी तीन वर्षं, दुपारी लेकरं खिचडी खाऊन घरी गेली की, सरकारी फोनवर कादंबरी लिहिली. सतरा प्रकरणं झाली, आणि संघटनेनं ठरवलं: मानधन वाढत न्हाई, तर फोन परत! ठराव मांडला कुणी? खुद्द बबिताताईंनी. भाषणाच्या भरात कादंबरी त्या साफ विसरल्या.

आठवली ती मोर्चाला जाताना जीपमध्ये. घाईघाईनं त्यांनी लेकीच्या, सृष्टीच्या फोनवर पहिलं पान पाठवलं, मग प्रकरणं. प्रकरणं काही केल्या जाईनात.

कार्यालयासमोर फोन टाकायला गोणी उघडी ठेवली होती. जमा झालेले फोन कोरे करतात, हे ताईंना ठाऊक होतं. स्क्रीनवरचं चक्र नुसतं फिरायलं होतं.

शेजारची एक सेविका म्हणाली, "ताई, बंद करून टाका. पहिला तुमचाच! तुमीच थांबल्यावर आमी काय करावं?"

मागं दोनशे बाया त्यांनीच लिहिलेली घोषणा देत होत्या. बबिताताईंनी फोन बंद केला आणि गोणीत सोडला.

घरी सृष्टी दारातच उभी होती.

"आई, लय भारी! कादंबरीचं नाव, खाली तुजं नाव. पुढचं कवा पाठवतीस?"