पिवळ्या ज्योतीची तक्रार

गॅस हीटर बिघडला की लोक आधी खोटं बोलतात, मग तक्रार नोंदवतात. "आम्ही हातसुद्धा लावला नाही हो!" वीस वर्षं हे काम करतेय, पण घरातल्या कुणीच हात लावलेला नाही असा हीटर मला अजून भेटायचाय. बहुतेकदा हात नवऱ्याचा असतो.

त्या दिवशीची तक्रार साधी होती. ज्योत पिवळी दिसते आणि मागची भिंत काळी पडते. दार सासूबाईंनी उघडलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं, मेकॅनिक कुठे राहिला म्हणून.

"मीच मेकॅनिक, काकू. पुरुषच हवा असेल तर हीटर राहू द्या तसाच."

"अगं ये, ये. मी बोलले का काही?"

हीटर मागच्या खोलीत होता. खोली एवढीशी. एक शिलाई मशीन, शिवायच्या कपड्यांचा ढीग, खिडकीच्या फटींना चिकटपट्टी. आणि मशीनवर डोकं टेकून झोपलेली सून. सकाळचे अकरा वाजले होते.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "महाराणींची झोप. दोन महिने हेच चाललंय. डोकं दुखतं, मळमळतं, गरगरतं. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, निघालं काय? काही नाही. नुसती ढोंगं! माहेरी गेली की दुसऱ्या दिवशी टुणटुणीत. आता तूच सांग."

मी कशाला सांगू? दुसऱ्यांच्या घरात सासू-सुनेच्या मध्ये बोलायचं नाही, हा माझा नियम आहे. मी आपली ज्योत बघायला वाकले. हीटरची ज्योत निळी हवी, आखूड आणि ताठ. ही पिवळीधमक, लांब, नुसती लवलवत होती. मग मी त्या पोरीकडे पाहिलं.

गॅस बंद केला. चिकटपट्टी टराटरा ओढून खिडकी उघडली आणि सुनेला काखेत हात घालून उठवलं.

"अगं अगं, काय करतेस?" सासूबाई ओरडल्या.

"हिला बाहेर नेतेय. तुम्हीही चला, मुकाट्याने!"

तिला बाहेरच्या पायरीवर बसवलं. ती थंड हवेत डोळे मिचकावत राहिली. "सॉरी, डोळा लागला," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा आला. घरात त्याला सगळे 'इंजिनिअर' म्हणतात. पोटापाण्यासाठी गडी पडदे विकतो.

"बर्नरमध्ये धूळ अडकली असणार," तो म्हणाला. "मी व्हिडिओ पाहिलाय."

अर्ध्या हळकुंडात पिवळा झालेला माणूस मला दुरून ओळखू येतो. मी आत जाऊन हीटरचं झाकण उघडलं. सेन्सरच्या दोन तारा कापून एकमेकींना पिळल्या होत्या. वर छान टेपबिप गुंडाळलेली.

"हे कुणी केलं?"

"मीच," तो छाती काढून म्हणाला. "हीटर दर दहा मिनिटांनी बंद पडायचा. सेन्सर खराब होता, काढूनच टाकला. तेव्हापासून एकदाही बंद पडला नाही!"

"अहो शहाणे, सेन्सर ठणठणीत होता! खोलीत धूर साठतोय म्हणून तो हीटर बंद करत होता. तुम्ही त्याचंच तोंड बांधलंत. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!"

धूर साठतोय म्हणजे बाहेर जात नाहीये. मी घराला वळसा घालून मागे गेले. भिंतीतून धुराची नळी बाहेर येते, तिच्या तोंडात काहीतरी गच्च कोंबलेलं होतं. पक्कडीने ओढलं, तर हातभर तपकिरी स्वेटर निघाला. तो घेऊन मी पायरीपाशी आले.

सासूबाईंचा चेहरा उतरला.

"ह्यांचा जुना स्वेटर आहे," त्या म्हणाल्या. "त्या नळीतून गार वारा यायचा. ही दिवसभर तिथे शिवत बसते, कुडकुडायची. म्हणून मीच घातला. थंडी सुरू झाली तेव्हा."

"म्हणजे दोन महिन्यांपूर्वी."

त्यांनी स्वेटर माझ्या हातातून काढून घेतला.

मग मी सरळ सांगून टाकलं. जळलेल्या गॅसचा विषारी वायू त्या नळीतून बाहेर जातो. नळी बुजली की तो खोलीत उलटा येतो. त्याला ना वास, ना रंग. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग झोप येते, आणि एके दिवशी माणूस उठतच नाही. दिवसभर त्या खोलीत बसायची ती एकटी, म्हणून त्रासही तिला एकटीला. माहेरी हा हीटर नाही, म्हणून तिथे टुणटुणीत.

"आत्ताच्या आत्ता हिला दवाखान्यात न्या," मी म्हटलं. इंजिनिअर गाडी काढायला पळाला.

मी गॅसला सील ठोकलं आणि कामाचा कागद भरायला घेतला. 'दोषाचं कारण' अशी एक ओळ असते त्यात. मी लिहीत होते तेवढ्यात सून हळूच म्हणाली, "ताई, मी ढोंग करत नव्हते, असं लिहाल त्यात?"

"लिहिते की. दाखव सगळ्यांना."

"सगळ्यांना नाही हो. माझ्यासाठी. मलाच वाटायला लागलं होतं, मी ढोंग करतेय म्हणून."

मी मोठ्या अक्षरांत लिहिलं. तक्रार सासूबाईंच्या नावाने होती, म्हणजे सही त्यांचीच हवी. त्यांनी कागद डोळ्यांजवळ धरून सगळा वाचला. पेन मागितलं. सही केली आणि कागद सुनेच्या हातात दिला.

मग आत जाऊन तिच्या चपला आणल्या आणि तिच्या पायाशी खालीच बसल्या. सुनेने घाईघाईने पाय मागे घेतले.

"पुढे कर गं पाय," मान वर न करताच त्या म्हणाल्या. "डॉक्टरांना काय झालं ते मी सांगते. स्वेटर मी कोंबला, तेही मीच सांगते."