ओळखीतलं एक घर

अपेक्षा परब दादरच्या एका कॉलेजात समुपदेशन शिकवायची. उद्याचे समुपदेशक तिच्या हाताखालून तयार होत. त्या शनिवारी परळला तिचं व्याख्यान होतं. वडील घोडपदेवला राहत, तिथून यायला सोपं, म्हणून तिने वडिलांनाही बोलावलं होतं. कुशाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मागच्या रांगेत बसले.

निवेदिकेने परिचय करून दिला. मानसशास्त्रात एम.ए., मग पीएच.डी.; संशोधनाचा विषय, दारूने पोखरलेल्या घरांतली मुलं. टाळ्या पडल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी कुशाबांच्या चालूच होत्या.

घरातली लाज झाकली की सडते, ती बोलून टाकावी, असं अपेक्षा जीव तोडून सांगत होती. शेवटी दर्शना नावाच्या तिच्या विद्यार्थिनीने उठून विचारलं, हाच विषय का निवडलात?

खरं उत्तर अगदी ओठांवर होतं. जिन्यावरच्या पावलांवरून आज बाबा कसे आलेत ते ओळखायचं, यातच तिचं लहानपण गेलं होतं. पण पुढच्या रांगेत प्राचार्या होत्या, इतर कॉलेजांतले लोक होते.

"आमच्या ओळखीतलं एक घर होतं," ती म्हणाली. "जवळून पाहिलं होतं."

मागच्या रांगेकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

कार्यक्रमानंतर कुशाबा फाटकाशी उभे होते. चहा घेतलात का, असं काहीतरी ती पुटपुटली. त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाले, "त्या घरातलो बापूस आता कसो आसा, ता पण सांगूक व्हया होता गो."

अपेक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबांनी दारू सोडली तेव्हा त्यांचे हात इतके थरथरत, की चहाचा कप आई धरायची. पुढे भावकीने कितीही आग्रह केला तरी ते ढळले नाहीत. तिने बापाच्या पिण्यावर पदवी मिळवली होती. त्याच्या सोडण्यावर एक ओळ लिहिली नव्हती.

तेवढ्यात दर्शना निरोप घ्यायला आली.

"हे माझे बाबा," अपेक्षा म्हणाली. "मघाशी मी खोटं बोलले. ते घर आमचंच."

दर्शनाने गडबडून कुशाबांना नमस्कार केला. कुशाबांनीच तिला सोडवलं. दारू सुटून बरीच वर्षं झाली, हे त्यांनी आपलं गाव सांगावं तितक्या सहज सांगितलं. मग दर्शनाने विचारलं, सुरुवातीचे दिवस कसे काढलेत?

ते सांगू लागले. अपेक्षाने हे त्यांना कधीच विचारलं नव्हतं. ती मान खाली घालून शेजारी उभी राहिली आणि ऐकत राहिली.