हसत दिलेलं खोगीर

मित्रांनो, 'खोगीरभरती' या शब्दावरून मला हसू नका. दूर घोडेस्वारांच्या मुलखातल्या नारीनच्या डोंगरातलं मी एक जुनं, पण मानाचं खोगीर आहे. माझ्या धन्याच्या, सागिनबेकच्या, बापाने लाकूड कोरून, वर बैलाचं कातडं ताणून मला घडवलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून सागिनबेक माझ्यावर बसत आला. भिजून घरी आला की स्वतःच्या आधी तो मला पुसायचा.

या वसंतात मात्र तो गप्प झाला. शर्यतींना जाईना, जेवता जेवता उठून जायचा. "मी नसलो की सगळे सुटतील," असं माझ्यावर बसून पुटपुटायचा. ते फक्त मी ऐकलं, आणि मला तोंड नाही. मग एका सकाळी तो अचानक हसरा झाला. चाबूक भावाला दिला, कुत्रा शेजाऱ्याला. आणि मला त्याने आपल्या मित्राच्या, एसेनच्या, दारात आणून ठेवलं.

"घे रे, तुझा डोळा होता ना यावर?"

"अरे, खानासारखा दिलदार झालास की तू!" एसेन हरखला.

आमच्याकडे भेट नाकारणं म्हणजे अपमान. त्यामुळे कोणी का म्हणून विचारलंच नाही. गावाने त्याच्या दिलदारीचे गोडवे गायले. माझ्या मात्र काळजाला घरं पडली. जन्मभर ज्याचं ओझं वाहिलं, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही. असा विश्वासघात वैऱ्यानेही करू नये.

एसेनची आई चहा ओतता ओतता थांबली. "येड्या, आता उन्हाळी कुरणावर निघायचं. तो काय घोड्याच्या उघड्या पाठीवर बसून जाणार? ज्याला पुढे जायचंच नाही, तोच असं सगळं वाटून टाकतो. ऊठ, पळ!"

चहा तसाच टाकून एसेनने मला घोड्यावर कसलं. सागिनबेक अंगणात एकटाच बसला होता.

"सागिन, जीव द्यायचा विचार आहे का तुझ्या मनात? सरळ सांग."

"हो," तो म्हणाला, आणि ढसाढसा रडला.

"मग मी इथून हलत नाही. उद्या दोघं मिळून डॉक्टरकडे जाऊ."

भेट परत करता येत नाही, म्हणून एसेनने मला त्याला उसनं दिलं. अट एकच: दर शुक्रवारी आणून दाखवायचं. सागिनबेकचे उपचार चालू आहेत. कधी तो हसतो, कधी नुसता बसून राहतो. त्याच्यावरचा माझा राग अजून पुरता गेलेला नाही. गोडवे गाणाऱ्या गावावरचा तर मुळीच नाही.

मित्रांनो, जिवापाड जपलेली वस्तू कोणी हसत देऊन टाकली, तर आभार मागाहून माना. आधी त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि त्याला एकटं सोडू नका.

आज शुक्रवार. एसेनकडे निघायला सागिनबेक घोड्याच्या पोटाखाली माझा तंग आवळतोय.