गजेंद्रभाऊंचं सिंहासन अकोल्याला गेलं

तिवशाच्या गजेंद्रभाऊंचा मंडप-डेकोरेशनचा धंदा पंचवीस वर्षांचा आणि वेबसाईट सहा वर्षांची. वेबसाईटवर मंडपाचे आठ फोटो, फोन नंबर आणि वरून गळणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या, एवढंच होतं. पण भाऊ ती येणाऱ्याजाणाऱ्याला उघडून दाखवायचे. पाकळ्या थांबेपर्यंत मोबाईल खिशात ठेवायचे नाहीत, आणि पाकळ्या तर थांबतच नव्हत्या.

मागच्या दिवाळीनंतर घरात सून आली, आकांक्षा. अमरावतीची, कॉम्प्युटर शिकलेली. गोदामात जुने पडदे, झालरी, प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा पत्र्यापर्यंत रचलेल्या तिनं पाहिल्या आणि ती म्हणाली, "मामाजी, हा जुना माल ऑनलाईन विकू. वेबसाईट आहेच आपली, तिच्यातच दुकान टाकते."

"मावंल काय तिच्यात?" भाऊंनी काळजीनं विचारलं.

मावलं. चार दिवस आकांक्षा लॅपटॉपवर बसली आणि भाऊ तिच्या शेजारी, मंडप बांधणाऱ्या माणसांवर ठेवतात तशी नजर ठेवून.

"कोपऱ्यात हे ढकलगाडी काहून काढली?"

"ती कार्ट आहे. गिऱ्हाईक तिच्यात माल टाकते."

"आपल्याकडं टेम्पो हाय ना! लोकायले वाटंल, गजेंद्र ढकलगाडीवर धंदा करून राहिला."

आकांक्षानं टेम्पोचं चित्र लावलं. मग भाऊंनी 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हे वाक्य लाल अक्षरात टाकायला लावलं, आणि ते बारीक वाटलं म्हणून आणखी मोठं करायला लावलं. शेवटी म्हणाले, "सगळ्यायच्या वर, एक नंबरले, आपलं सिंहासन ठेव."

सिंहासन म्हणजे नवरा-नवरीला बसायची सोनेरी, दोन माणसांची खुर्ची. हाताच्या जागी दोन सिंह, पाठीवर मोराचा पिसारा, बसायला लाल मखमल. तालुक्यात तसं दुसरं नव्हतं.

"मामाजी, इथं जे ठेवू ते विकल्या जाईन."

"विकाचं नाही. शोभेले ठेवाचं. दुकानात देवाचा फोटो लावते, थो काय विकाले असते?"

पण किंमत टाकल्याशिवाय फॉर्म पुढं सरकेना. भाऊ म्हणाले, "अकरा हजार टाक. एवढे पैसे देऊन कोन येडं बसते खुर्चीवर?" आणि खाली स्वतःच्या हातानं, एका बोटानं, त्यांनी वर्णन लिहिलं: 'यावर बसलेला मनुष्य राजाच दिसतो.'

पहिल्या आठवड्यात बडनेऱ्याच्या कुणीतरी दोन माळा घेतल्या. घरात शिरा झाला. ऑर्डर आली की यादी थेट टेम्पोवाल्या शाहनवाजच्या मोबाईलवर जाईल, अशी सोय आकांक्षानं करून ठेवली आणि ती चार दिवस माहेरी गेली.

त्या चार दिवसांत भाऊ धामणगावला एका लग्नाच्या मंडपात होते. शिडीवर चढून कापड ताणत असताना शाहनवाजचा फोन आला. खाली बँडवाल्यांचा सराव चालला होता.

"भाऊ, अकोल्याची ऑर्डर हाय. एक नंबरचा माल बी देऊन टाकू काय?"

"यादीत हाय ना?"

"हाय."

"मंग देऊन टाक! घडीघडी काय विचारतं बे!"

शाहनवाजनं देऊन टाकलं.

गुरुवारी सकाळी भाऊ गोदामात शिरले. शुक्रवारी तिवशातच लग्न होतं आणि नवरीच्या बापानं फोटो पाहून तेच सिंहासन ठरवलं होतं. सिंहासनाच्या जागी चार पायांचे चार स्वच्छ चौकोन होते, बाकी धूळ. भाऊ त्या चौकोनांच्या मधोमध खाली बसले. आदल्या रात्रीच परतलेली आकांक्षा धावत आली. तिनं लॅपटॉप उघडला. सिंहासनाच्या फोटोवर आडवी पट्टी आली होती: 'माल संपला'.

तासाभरात टेम्पो अकोल्याच्या रस्त्याला लागला. शाहनवाज गाडी चालवत होता, आकांक्षा पत्ता पाहत होती आणि भाऊ दर दहा मिनिटांनी "एक नंबरचा माल!" एवढंच म्हणत होते.

डाबकी रोडवरच्या त्या घराचं दार चौकटीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. आत समोरच्या खोलीत फक्त सिंहासन होतं. दुसरं काही मावतच नव्हतं. त्यावर सत्तरी ओलांडलेल्या एक बाई पाय सोडून शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांचा मुलगा किशोर भिंतीला पाठ घासत, आडवा होत बाहेर आला.

"न्याले आले काय? न्या, न्या!" तो हात जोडून म्हणाला. "तीन दिवसांपासून आमी असेच चालून राहिलो."

"किशोर, गप बस," बाई म्हणाल्या. त्यांचं नाव मनकर्णाबाई.

भाऊंनी सगळी चूक सांगितली. पैसे परत देतो, वरून दोन झालरी देतो म्हणाले. मनकर्णाबाई शेंगा सोलत राहिल्या.

"भाऊ, म्या अंगणवाडीत चौतीस वर्षं नोकरी केली. सतरंजीवर बसून. साहेब आला का खुर्ची त्याले. लग्नात बी मले पाटावर बसवलं होतं. आता गुडघे म्हणते, खाली बसू नोको. मंग नातीच्या मोबाईलवर हे दिसलं. खाली लिहिलं होतं, बसलेला मनुष्य राजाच दिसतो. कोनं लिहिलं थे?"

"म्याच," भाऊ पुटपुटले.

"चांगलं लिहिलं. अन् विकलेला माल परत घेत नाही, थे?"

"थे बी म्याच."

"एवढ्या मोठ्या अक्षरात?"

भाऊंनी आकांक्षाकडं पाहिलं. आकांक्षानं टेम्पोकडं पाहिलं.

"मावशी, उद्या लगन हाय हो," भाऊ काकुळतीनं म्हणाले. "पोरीचा बाप मले जित्ता सोडनार नाही."

लग्न म्हटल्यावर मनकर्णाबाईंचे हात थांबले. त्यांनी सुपातल्या शेंगा बाजूला केल्या. "पोरीच्या लग्नात खोळंबा नोको. किरायानं नेता काय?"

"माझंच सिंहासन मी किरायानं नेऊ?"

"तुमचं कुठं हाय आता? अन् मी संगं येईन. याले कोनी कसंबी वापरलं तं?"

आकांक्षानं त्याच ठिकाणी कागदावर अटी लिहिल्या: जोडे घालून सिंहासनावर चढू नये, वरण सांडू नये, नवरा-नवरी येईपर्यंत मालकीणबाई बसतील. भाऊंनी सही केली. किशोरनं टेम्पोत गादी अंथरली.

शुक्रवारी लवकर आलेल्या पाहुण्यांना स्टेजवर, सिंहासनाच्या मधोमध, हिरवं नऊवारी लुगडं नेसलेल्या एक वृद्ध बाई दिसल्या. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीची आजी. नवरीकडच्यांना वाटलं, नवऱ्याची आजी. रांगच लागली पाया पडायला. मनकर्णाबाईंनी कुणाला निराश केलं नाही. "सुखी राहा," "नोकरी लागंल," "वजन कमी कर," असा ज्याला त्याला वेगळा आशीर्वाद दिला. हातात आलेली आहेराची पाकिटं पदरात बांधून त्यांनी नवरीच्या आईला नेऊन दिली. फोटोवाल्यानं त्यांचे एवढे फोटो काढले की त्याचा कॅमेरा तापला.

वरमाला झाली तरी बाई हलेनात. नवरदेव शेरवानीत घामाघूम होऊन समोर उभा राहिला. "आजी, आता आमी बसू काय?"

"बसा, बाबू. पण लय डुलू नोका. डावा पाय ढिला हाय."

हे भाऊंना ठाऊक नव्हतं. एवढ्या वर्षांत कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवणं आटोपताना नवरीचे मामा भाऊंच्या कानाशी आले. "माह्या पोरीचं मे महिन्यात हाय. हेच सिंहासन पाह्यजे. अन् हे आजी बी."

"आजीची तारीख पाहा लागते," आकांक्षा मागून म्हणाली. तिनं तिथंच मोबाईल काढून वेबसाईटवर बदल केला: किंमत काढली, 'विकणे'च्या जागी 'भाड्याने' लिहिलं आणि कंसात 'आजींसह'. वर मनकर्णाबाईंचा फोटो चढवला. त्यांच्या अंगावरही पाकळ्या गळू लागल्या.

मंडप सुटत आला होता. शाहनवाज टेम्पो मागं घेत होता. मनकर्णाबाई स्टेजच्या पायरीवर पान खात होत्या आणि सिंहासन रिकामं होतं. भाऊ त्याच्याभोवती दोन चकरा मारून आले.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "पंचवीस वर्षं मी लोकायले बसवून राहिलो. मी कधी बसलो नाही. दोन मिनटं बसू?"

मनकर्णाबाईंनी त्यांच्या पायांकडं पाहिलं. "जोडे काढा."

भाऊंनी जोडे काढले, पायजमा झटकला आणि बसले. दोन्ही सिंहांच्या डोक्यांवर हात ठेवले. समोर आवरलेल्या खुर्च्या, पत्रावळी आणि पडदे सोडणारी माणसं होती. भाऊंनी मान ताठ केली.

"कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

आकांक्षानं फोटो काढला. मनकर्णाबाईंनी पान चावत बराच वेळ पाहिलं.

"बरा दिसता," त्या म्हणाल्या. "पण थोडं सरका. मले बी बसू द्या."