डोळ्यांत तेल घालून

दुपारचा एक वाजला आणि भिवंडीच्या त्या लहानशा संग्रहालयात झुंबड उडाली. दोनशे वर्षांपूर्वीच्या तैलचित्रातल्या, सरदाराच्या आईसाहेब रडू लागल्या होत्या. अंजूरपासून काल्हेरपर्यंतची माणसं रिक्षा भरभरून आली होती.

देवेशबाबा कापसाने चित्रावरचे आसू टिपत होता. "आईसाहेब तुमच्या दुःखासाठी रडतायत. हे डोळ्यांत घाला, डॉक्टरची बाटली खाडीत फेका." बाबाच्या स्वतःच्या नाकावर जाड भिंगांचा चष्मा होता, पण तिकडे बघायला फुरसत कुणाला?

पहारेकरी तुळशीराम खांबाला टेकून उभा होता. वीस वर्षं कापडाचे लूम चालवून तो इथे लागला, तेव्हा साहेबांनी बजावलं होतं, "चित्रं डोळ्यांत तेल घालून सांभाळ." भल्या माणसाने खरंच तेल घातलं! चित्राचं कापड सुकून कडक झालेलं. कोरड्या लूमला पाजावं तसं त्याने मागून दोन वाट्या लूमचं तेल पाजलं. आठवड्यात आईसाहेब रडल्या. रडण्याचं कारण त्याला तेव्हाच कळलं होतं. पण नोकरी जाण्याच्या भीतीने तो मूग गिळून बसला.

रांगेत त्याची थोरली बहीण राहीबाई होती. काचबिंदूचे थेंब सोडून ती चार दिवस हेच आसू डोळ्यांत घालत होती. डोळे लालभडक झाले होते.

"ताई, घरी चल ना."

"आईसाहेब बोलावतान, तुला काय करायचा हाय?"

एवढ्यात चित्रांची डागडुजी करायला आलेल्या हफसाने कापूस नाकाशी नेला. "माझ्या अब्बांचे लूम होते. बाबाजी, आसूंना लूमच्या तेलाचा वास कसा?"

"बेटी, हा दैवी सुगंध आहे."

"मग टेमघरच्या प्रत्येक कारखान्यात देव घाम गाळतो म्हणायचं."

लोक हसले. राहीबाई मात्र कापूस घ्यायला पुढे सरकली, आणि तुळशीरामला राहवेना.

"तेल मी घातलंय," तो म्हणाला. त्याने चित्र उलटं केलं. मागचं कापड तेलाने थबथबलं होतं. "दुपारी छताचा पत्रा तापला की पातळ होतं. डोळ्यांपाशी रंग उडालाय, तिथून झिरपतं. नवल दिसलं की आधी मागची बाजू बघा, लोकहो. आणि माहीत असून गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्याला बोलतं करा."

देवेशबाबा केव्हाच सटकला होता. राहीबाई हळू आवाजात म्हणाली, "मी रोज येत व्हते. तू दारातच उभा व्हतास."

त्याने तिचा हात धरला आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यातून थेंबांची नवी बाटली मिळाली. तिथल्याच बाकावर त्याने झाकण उघडलं आणि बाटली तिच्या डोळ्याशी नेली. तिने त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "पयला मला वास घेऊ दे."