धानातल्या चकत्या

डब्यात बेसन निघालं.

श्रावणने झाकण लावलं, पुन्हा उघडलं. बेसनच होतं. ज्या डब्यात त्याने एक्केचाळीस सीड्या, ओल लागू नये म्हणून तळाशी तांदळाची पुरचुंडी घालून, जिवापाड जपल्या होत्या, त्यात दिवाळीच्या लाडवांची तयारी झाली होती.

"यातल्या सीड्या कुठं गेल्या वं?"

"दादा घेऊन गेले नं, पोळ्याले आले तवा," सुभद्रा हातातली चाळणी न थांबवता म्हणाली. "तुमीच तं फोनवर सांगतलं त्याइले, खराब सीड्या घेऊन जा म्हणून. वावरात लटकवाले, पाखरं हाकलाले."

"पलंगाखालच्या सांगतल्या मी! खोक्यातल्या!"

"त्या निळ्या-हिरव्या चमकत नाई म्हणे. डब्यातल्या चमकतेत म्हणाले. मी काय त्याइचा हात धरू?"

धरला असता तर काही बिघडलं नसतं. पण नागपूरजवळच्या बेसा वस्तीत, दोन खोल्यांमधली एक अख्खी भिंत वीस वर्षं नवऱ्याच्या रिकाम्या खोक्यांना दिलेली बाई असला हात कशाला धरील? सीड्या डब्यात आणि त्यांची रंगीत खोकी भिंतीवर, अशी श्रावणची मांडणी होती. सुभद्राला दोन्ही डोळ्यांसमोर नको होतं.

श्रावण एका खासगी दवाखान्यात बिलांच्या खिडकीवर बसायचा. पेशंटचे नातेवाईक त्याच्यावर खेकसायचे आणि डॉक्टरांना त्याचं नाव आठवायचं नाही. जुने कॉम्प्युटर गेम जमवायचा नाद त्याला तिशीत लागला, सीताबर्डीच्या फुटपाथवर. त्यातही फक्त घोडेवाले गेम. अमेरिकेतलं एखादं धुळकट गाव, एकच रस्ता, लाकडी दुकानं, ऊन असं की थेट नागपूरचा मे महिना, आणि कमरेला पिस्तूल लावून घोड्यावरून उतरणारा एकटा माणूस. तू कोणाचा, थोरला की धाकटा, वावर किती, असं त्याला कोणी विचारत नाही. लोक नुसते बाजूला होतात. श्रावणला हे इतकं आवडायचं की तो रात्रभर सांगत बसला असता. फक्त सांगायला कोणी भेटत नव्हतं.

आता भेटलं होतं. बिल भरायला आलेल्या कामिनी मॅडम एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या. गोष्टीतून गोष्ट निघाली आणि त्यांनी त्याला बोलावलंच: रविवारी या, आमच्या मुलांना हे गेम चालवून दाखवा, त्यांच्याबद्दल बोला. पत्रिकेवर त्याचं नाव छापलं होतं, नावाखाली 'संग्राहक'. ती पत्रिका त्याने दवाखान्यात तिघांना दाखवली होती. आणि आज शनिवार उजाडला होता.

त्याने गावाकडची, कुहीची बस पकडली.

वावरात पोहोचला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. धान दुधावर होतं, दाणा अजून कोवळा होता. बांबू रोवून सुतळ्या ताणल्या होत्या आणि त्यांना लटकलेल्या त्याच्या सीड्या वाऱ्यावर गरगर फिरत होत्या. बांधावर मधुकरराव, त्याचा थोरला भाऊ, विळा घेऊन उभा होता.

"दादा, माह्या सीड्या सोडून नेतो."

"पंधरा दिवसानं ने."

"मले उद्या पाहिजेत."

"धान दुधावर आहे. आज सोडल्या तं पाखरं दाणा ठेवनार नाई."

"तुले खोक्यातल्या खराब सांगतल्या होत्या. ह्या चांगल्या होत्या."

"माहीत होतं मले," मधुकरराव शांतपणे म्हणाला. "खराब तेवढं आमच्या वावरात, काहून गा? शिकाले तू गेला, चिखलात मी राह्यलो. एक डाव तुह्या घरचं चांगलं इकडं आलं तं काय आभाळ कोसळलं? छप्पन वर्षाचा झाला, अन् खेळाच्या चकत्यासाठी रडून राहिला."

श्रावणच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच्या गेममध्येही भर दुपारी दोन माणसं अशीच समोरासमोर उभी राहायची, आणि तिथे तो नेहमी मरायचा, कारण त्याचा हात धिमा होता. आज धिमा पडला नाही. दवाखान्यात पाकिटं फोडायचं कटर त्याच्या खिशात होतं. ते काढून तो सरळ चिखलात उतरला आणि त्याने पहिली सुतळी कापली.

हातात आलेल्या सीडीवरचं घोड्याचं चित्र पार उडालं होतं. चंदेरी थर सोलून निघाला होता. तिच्यातून पलीकडचा दादा दिसत होता. ही कधीच चालणार नव्हती. बाकीच्यांचीही तीच गत असणार हे त्याला तिथेच कळलं. तरी त्याने दुसरी कापली.

"मेल्या त्या आता," दादा ओरडला. "काय करशीन नेऊन?"

"माह्या आहेत."

झोपडीतून सखूवहिनी धावत आली. "भाऊजी, अर्ध्या तं राहू द्या! पाया पडते तुमच्या!"

त्याने मान वर केली नाही. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस कापल्या, मोजून पिशवीत भरल्या आणि तो बांधावर चढला. तो चढताना दादा बाजूला झाला.

पाखरांना आवतण लागत नाही. श्रावण रस्त्यावर येईस्तोवर बाभळींवरचा थवा धानात उतरला होता. मधुकररावने विळा टाकला, तेलाचा रिकामा पिपा उचलला आणि काठीने बडवत, हाऽ हाऽ करत तो बांधावरून पळू लागला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, एक गुडघा कामातून गेलेला. या टोकाची पाखरं उठली की त्या टोकाला बसत होती.

श्रावण फाट्यावर बसची वाट पाहत उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा तो कोणाशी तरी भिडून जिंकला होता, आणि त्याला स्वतःची लाज वाटत होती. मागे पिपा वाजत होता. मध्येच वाजायचा थांबला.

बस आली. कंडक्टरने दोनदा हाक मारली. श्रावण चढला नाही. पिशवी छातीशी धरून, वावराकडे तोंड करून, तो पिपा पुन्हा वाजायची वाट पाहत राहिला.